शेवटचा डबा आल्याशिवाय

समूहगान शिकवणारी माणसं मुलांच्या पुढे उभी राहतात. हात वर-खाली करतात, भुवया उडवतात आणि सूर चुकला की चेहऱ्यावर पोटदुखी आणतात. आमच्या सोसायटीत हे काम ज्यांच्याकडे होतं ते गृहस्थ मुलांच्या मागे उभे राहत. मुलं आमच्याकडे तोंड करून गायची आणि शिकवणारा बघायचा असेल तर रांगांच्या फटीतून त्यांचे काळे बूट शोधावे लागत. मी ते शोधले आहेत, म्हणून खात्रीने सांगतो.

"काका, जरा पुढे या की. मुलांना तुम्ही दिसत नाही," असं मी एकदा म्हणालो.

"गार्डला इंजिनात बसलेलं कधी बघितलंय का तुम्ही?" ते मागून म्हणाले.

ते रेल्वेत गार्ड होते. मालगाडी, पॅसेंजर, मेल अशा पायऱ्या चढून निवृत्त झालेले. आता या हुद्द्याला काहीतरी मॅनेजर म्हणतात, असं कोणी सांगितलं की ते म्हणत, "मॅनेजर हॉटेलात असतो. गाडीला गार्ड लागतो." आमच्या सोसायटीत, बडोद्यात अलकापुरीच्या मागे, रेल्वेचे रूळ ऐकू येतील इतक्या अंतरावर, पहिल्या मजल्यावर ते एकटे राहत. मराठी माणसं त्यांना गार्डकाका म्हणत, गुजराती माणसं गार्डसाहेब. घरात सोफा नव्हता. नोकरीतली काळी पत्र्याची पेटी होती, तीच बैठक. पाहुणा आला की ते पेटीवर बसवत आणि स्वतः दारात उभे राहत. दारात उभं राहायची त्यांना सवयच होती.

कुठेही सगळ्यात शेवटी जायचं, हा त्यांचा नियम. लग्नाच्या वरातीत ते शेवटच्या बाईच्याही मागे चालत. पंगतीत शेवटच्या पानावर बसत आणि सगळ्यांना मीठ पोचलंय का ते बघूनच भाताला हात लावत. सोसायटीची लिफ्ट सुटण्याआधी डोकं बाहेर काढून जिन्याकडे दोन्ही बाजूंना बघत. त्यात कोणीतरी येताना दिसेच, मग थांबत, मग आणखी कोणी दिसे. घाईतली माणसं त्यांना लिफ्टजवळ पाहिलं की जिन्याने जात. आमच्या इमारतीतल्या बऱ्याच जणांची तब्येत त्यामुळे सुधारली.

नवरात्रात मात्र त्यांचे हाल होत. आमच्याकडे गरबा म्हणजे काय असतो ते बडोद्याबाहेरच्यांना सांगून कळणार नाही. नऊ रात्री सगळं गाव गोल फिरत असतं. काका पहिल्या दिवशी धोतराची घडी मोडून मैदानात येत, वर्तुळाभोवती एक फेरी मारत, दुसरी मारत आणि वैतागून माझ्याशेजारच्या खुर्चीत बसत.

"मापवाले, याला शेवटच नाही हो. गार्डने उभं कुठे राहायचं?"

मापवाला म्हणजे मी. एका कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासायचं माझं काम. काटा शून्यावर येतो की नाही, नसेल तर किती चुकतो, हे मी दिवसभर बघतो आणि संध्याकाळी घरी येऊनही ते थांबत नाही, अशी माझ्या बायकोची तक्रार आहे. ती भजनी मंडळात गाते, सुरेल गाते. आमची मुलगी केतकी आवाजाच्या बाबतीत माझ्यावर गेली. याबद्दल आमच्या घरात दुमत नाही.

केतकीचा दोष नेमका सांगतो. सूर तर ती चुकतेच, पण तेवढ्याने भागलं असतं. ती उशिरा येते. सगळे ओळीच्या मध्यावर पोचतात तेव्हा ती ओळ सुरू करते आणि मनापासून, मोठ्याने, शेवटपर्यंत गाते. शाळेत यावर एक उपाय सापडला होता. देशभक्तीच्या कार्यक्रमात एक भारतमाता लागते. पांढरी साडी, मुकुट, हातात झेंडा, आणि मुख्य म्हणजे भारतमातेला गावं लागत नाही. पाचवीपासून आठवीपर्यंत केतकी दर वर्षी भारतमाता झाली. नातेवाईक कौतुक करत. "काय तेज आहे हो पोरीच्या चेहऱ्यावर!" ते तेज नव्हतं, तो राग होता.

"बाबा, मला भारतमातेचा कंटाळा आलाय," ती नववीत गेल्यावर म्हणाली. "सगळे गातात आणि मी फक्त उभी. मला गायचंय."

त्या वर्षी आमच्या सोसायटीने आंतर-सोसायटी देशभक्तिगीत स्पर्धेत भाग घ्यायचं ठरवलं. सोसायटीचे प्रमुख होते अलकापुरीत पंख्यांचं दुकान असलेले एक उमदे गुजराती गृहस्थ. शेजारच्या सोसायटीकडे तीन ढाली होत्या आणि आमच्याकडे एकही नव्हती, हे दुःख ते वर्षभर बाळगत. गाणं शिकवायला कोणी मिळेना. तेव्हा गार्डकाका म्हणाले, "मी शिकवतो." त्यांना गाता येत होतं की नाही हे कोणी विचारलं नाही. आवाज मोठा होता आणि फुकट होता.

पहिल्या दिवशी सोसायटीच्या खालच्या हॉलमध्ये तेरा ते अठरा वयाची बावीस मुलं जमली. बावीसही जणांच्या हातात मोबाइल. काकांनी गाणं काढलंच नाही. त्यांनी कपडे वाळत घालायची लाल दोरी आणली आणि खिळे ठोकून हॉलच्या तीन भिंतींवर मुलांच्या डोक्याच्या उंचीवर बांधली. दोरीच्या टोकाला देवघरातली घंटा.

"ही काय?" हार्दिकने विचारलं. हा प्रमुखांचा मुलगा, सोळा वर्षांचा, तोंडाने चालू.

"साखळी. गाडीत असते ती. ओढली की गाणं थांबणार."

"कोण ओढणार?"

"कोणीही. तुम्ही स्वतंत्र देशाचे नागरिक आहात ना? साखळी ओढायचं स्वातंत्र्य सगळ्यांना आहे. फक्त कारण द्यावं लागतं."

"कारण खोटं असलं तर?"

"तरी गाडी थांबतेच. नंतर सगळ्यांनी मिळून ठरवायचं, कारण बरोबर होतं का."

पुढचे आठ-दहा दिवस त्या हॉलमध्ये गाणं कमी आणि घंटा जास्त वाजली. "डास चावला." "तहान लागली." "काका, याने पाय दिला." "काका, मला आठवत नाहीये, मी घरी गॅस बंद केलाय का." शेवटचं कारण देणाऱ्या मुलीला काकांनी घरी पाठवलं, तिची वाट बघत सगळ्यांना उभं ठेवलं आणि ती आल्यावर विचारलं, "बंद होता?" बंद होता. "छान. चला." त्यांनी एकदाही कुणाला रागावलं नाही. गाणं थांबवून थांबवून मुलंच कंटाळली. हार्दिकने एकदा "उगीच" असं कारण दिलं, तर मतदानात त्याच्या बाजूने त्याचंही मत पडलं नाही. त्यानंतर घंटा गप्प झाली. माझ्या मते ही नागरिकशास्त्राची परीक्षा होती आणि बावीसही पास झाले, पण काकांना असं काही म्हटलं की ते म्हणत, "छे हो, दोरी होती घरात."

आता गाण्याविषयी. तयार गाण्यांना काकांची हरकत होती. "त्यात देश असतो, पण कुठे आहे ते कळत नाही." म्हणून त्यांनी स्वतः गाणं रचलं. त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त स्टेशनांची नावं होती. पठाणकोट, अंबाला, मथुरा, झाशी, इटारसी, भुसावळ. चाल गाडीच्या चाकांची. दर चार स्टेशनांनंतर एका मुलाने विचारायचं, "पुढचं स्टेशन कुणाचं?" आणि बाकीच्यांनी ओरडायचं, "आपलंच, आपलंच!"

प्रमुखांनी तालीम ऐकली आणि कपाळाला हात लावला. "गार्डसाहेब, आ तो टाइमटेबल छे. आमां देशभक्ति क्यां छे?"

"तुम्ही इटारसीला कधी उतरलाय?"

"ना."

"मग कसली देशभक्ती?"

प्रमुखांनी तालीम पुढे चालू दिली. खरं तर त्यांच्याकडे उत्तर होतं, पण काकांच्या आवाजात तुम्ही इटारसीला न गेल्याची मनापासून कीव होती आणि तिच्यापुढे माणसाचं काही चालत नसे.

मग त्यांनी मुलांना सांगितलं, ज्याने त्याने आपलं एक स्टेशन आणायचं. आजोबांचं, आईच्या माहेरचं, कुठलंही. तिथून गोंधळ सुरू झाला. मेहसाणा आलं, मिरज आलं, ओडिशाच्या मुलीने खुर्दा रोड आणलं. केरळच्या मुलाने आणलेलं नाव कुणाला म्हणता येईना, म्हणून दोन दिवस फक्त त्याची तालीम झाली. 'आपलंच' कुठल्या भाषेत म्हणायचं यावर भांडण लागलं, तेव्हा काकांनी ज्याला त्याला आपापल्या भाषेत म्हणायला लावलं. त्यातून जो आवाज निघे तो चालत्या गाडीतून ऐकू येणाऱ्या फेरीवाल्यांसारखा होता आणि काका खूश होते. एकदा सोसायटीचा वॉचमन दाराशी येऊन उभा राहिला. "साहब, बलिया भी डाल दीजिए ना." बलिया घातलं. वॉचमन त्या दिवसापासून गेटवर तालमीच्या वेळी खुर्ची हॉलच्या बाजूला वळवून बसू लागला.

एका सिंधी मुलाने मीरपुरखास आणलं. त्याचे पणजोबा तिथून गाडीत बसले होते. मुलं एकमेकांकडे बघू लागली, कारण ते स्टेशन आता आपल्याकडे नाही हे मुलांना माहीत होतं. प्रमुख घाबरले. "देशभक्तीच्या गाण्यात हे? जज वांधा काढशे!" काकांनी एक रात्र विचार केला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "तिथे गाडी थांबणार नाही. पण जाता जाता पाटी वाचायला काय हरकत आहे?" मग ठरलं की बाकी स्टेशनांना मुलं पाय आपटतील, मीरपुरखासला आपटणार नाहीत. नाव घ्यायचं आणि पुढे जायचं. त्या मुलाच्या आजी तालमीला येऊन बसल्या आणि त्या एका शब्दासाठी रोज येत राहिल्या.

माझी मात्र पंचाईत झाली. आमचं मूळ गाव साताऱ्याकडे, डोंगरात. तिथे रेल्वेच नाही. मी काकांना तसं सांगितलं.

"तुमच्या किती पिढ्या बडोद्यात?"

"चार."

"आणि मूळ गाव कुठलं?"

"साताऱ्याकडचं."

"मापवाले," ते फार सौम्यपणे म्हणाले, "चार पिढ्या झाल्या, तुमचा काटा अजून शून्यावर आला नाही."

माझ्या धंद्यात याहून मोठा अपमान नाही. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. केतकीने मला न विचारता स्टेशन दिलं. बडोदा आधीच कुणीतरी घेतलं होतं, म्हणून तिने विश्वामित्री दिलं. आमच्या गावातलंच छोटं स्टेशन. मेल गाड्या तिकडे बघतही नाहीत आणि बाहेरच्या लोकांना विश्वामित्री म्हटलं की नदीतल्या मगरीच आठवतात. मुलं हसली. काकांनी ते सगळ्यात शेवटी ठेवलं; तिथला प्रश्न सगळ्यांनी मिळून विचारायचा, मग नाव, मग 'आपलंच'. "देशभर फिरून माणूस घरी आला पाहिजे."

एवढं होईपर्यंत स्पर्धा तोंडावर आली आणि केतकीचा उशीर सगळ्यांच्या लक्षात आला. भुसावळ होऊन गेलं की मागून एकटा आवाज येई, "इटारसी!" मी शांतपणे तो फरक मोजला आणि उपाय काढला. उपकरण मागे पडत असेल तर तेवढी भरपाई द्यायची असते. केतकीने अर्धी ओळ आधी सुरू करावं, म्हणजे बरोबर सगळ्यांसोबत पोचेल. काकांनी परवानगी दिली. केतकीने अर्धी ओळ आधी सुरू करायचं ठरवलं, पण आधी सुरू करायलाही तिला उशीर झाला, मग ती घाबरून धावत सुटली आणि मथुरेहून थेट मिरजेला गेली. मागोमाग चार मुलं गेली. घंटा वाजली. कारण विचारलं तेव्हा हार्दिक म्हणाला, "ॲक्सिडंट, काका."

त्या संध्याकाळी समितीची बैठक झाली. मीही समितीत होतो. प्रमुख मला म्हणाले, "जुओ भाई, वाईट नका वाटून घेऊ. छोकरी सारी छे, चांगली आहे. आपण तिला भारतमाता करू. मी मुकुट पण आणलाय." त्यांनी पिशवीतून मुकुट काढला. चांगला होता, खडे जडवलेला. मी म्हणालो की तिला विचारायला हवं. प्रमुख म्हणाले, "नाहीतर मागे उभी राहू दे. फक्त ओठ हलवेल. कोणाला कळतं?"

"मला कळतं," काका म्हणाले. "मी मागे असतो. पुढून बघणाऱ्याला ओठ दिसतात. मागून फक्त आवाज येतो." मग माझ्याकडे वळून, "मागच्या सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली तुमच्या मागे उभा होतो मी. तुमच्या जागेवर शून्य येतो, मापवाले."

ते खरं होतं. मी शाळेपासून ओठ हलवतो आणि तोपर्यंत एकाही माणसाला संशय आला नव्हता. पण समितीत ठराव झाला. केतकी भारतमाता.

दुसऱ्या दिवशी तालमीत प्रमुख मुकुट घेऊन आले. गाणं अंबाल्यापाशी होतं आणि घंटा वाजली. कित्येक दिवसांनी वाजली म्हणून सगळे दचकले. दोरी केतकीच्या हातात होती.

"कारण?" मागून काकांचा आवाज आला.

केतकीचा चेहरा लाल झाला होता. "मला भारतमाता व्हायचं नाही. चार वर्षं झाले मी. मला गायचंय. मला माहीत आहे मी चुकते. पण ओठ नुसते हलवणार नाही मी, आणि उभी तर मुळीच राहणार नाही." आणि मग, उशिरा, जरा हळू, "प्लीज."

"मत द्या," काका म्हणाले.

एकवीस हात वर गेले. हार्दिकचा सगळ्यात आधी, आणि तोही वडिलांकडे बघत. "पप्पा, स्वतंत्र देश छे," तो म्हणाला. प्रमुखांनी मुकुट पिशवीत ठेवला, पण पिशवी घरी नेली नाही. आशा सोडणारा माणूस पंख्यांच्या धंद्यात टिकत नाही.

त्यानंतर काकांनी घरून आणवलेल्या आपल्या काळ्या पेटीतून पिवळी पाटी काढली. प्लायवूडची, घरी रंगवलेली, वर काळ्या अक्षरात 'एल व्ही', म्हणजे लास्ट व्हेइकल. गाडीच्या शेवटच्या डब्याला ही पाटी असते. स्टेशनवरचा माणूस ती बघतो आणि मगच खात्री करतो की गाडी पूर्ण आली, मध्ये डबा तुटून राहिला नाही. पाटीला सुतळी बांधून त्यांनी ती केतकीच्या गळ्यात घातली.

"आता तुला उशीर होणारच. शेवटचा डबा शेवटीच येतो. आणि बाकीच्यांनी लक्षात ठेवायचं, ही पोचल्याशिवाय गाणं संपलेलं नाही. कोणी हलायचं नाही."

मी म्हणालो, "काका, स्पर्धेला पाच मिनिटांची मर्यादा आहे. मी मोजलंय. तुमचं गाणं जेमतेम बसतं. तिच्यासाठी थांबलात तर जाईल वर."

काका पेटीकडे वळले. आयुष्यभर गाडी वेळेत नेलेला माणूस होता तो. वेळ चुकली की त्यांना खरोखर ताप येई. एकदा आमच्याकडे गणपतीची आरती वेळेवर सुरू झाली नाही तर ते बाहेर ओट्यावर जाऊन पाणी पिऊन आले होते. ते नुसते पेटीचं झाकण उघडून बंद करत राहिले.

स्पर्धा दांडिया बाजारातल्या एका जुन्या सभागृहात होती. दारातच आयोजकांनी नियम वाचून दाखवले. रंगमंचावर मोठ्या माणसाने यायचं नाही. तिरंग्याखेरीज दुसरा झेंडा रंगमंचावर न्यायचा नाही. शिट्टी वाजवायची नाही. काकांकडे तिन्ही गोष्टी होत्या: ते स्वतः, एक हिरवा झेंडा आणि एक लाल, आणि शिट्टी. ते काही न बोलता प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेच्याही मागे, भिंतीला टेकून उभे राहिले. मुलं रंगमंचावर गेली आणि गंमत झाली. इतके दिवस मागे असलेला माणूस त्यांना पहिल्यांदा समोर दिसला. लांब, पण समोर.

प्रमुख पहिल्या रांगेत, मांडीवर मुकुटाची पिशवी. मी त्यांच्या शेजारी, हातात घड्याळ.

गाणं छान सुटलं. पठाणकोट, अंबाला, मथुरा. केतकी मागून व्यवस्थित उशिरा येत होती. हार्दिकने विचारलं, "पुढचं स्टेशन कुणाचं?" मुलं ओरडली. आणि तिसऱ्या खेपेला हे विचारल्यावर प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं, "जळगाव!"

याची तालीम झालेली नव्हती. हार्दिक क्षणभर थबकला. पण काकांनी शिकवलेला मुलगा होता. दाराशी आलेल्याला गाडीत घ्यायचं हे त्याच्या अंगात मुरलं होतं. त्याने जळगाव घेतलं. मग कोणी "डभोई!" म्हणालं. डभोई घेतलं. एक बाई उठून उभी राहून म्हणाली, "सुरेंद्रनगर!" पाठोपाठ "नंदुरबार!" आणि "अरे, गोधरा ले ले!" मी घड्याळ प्रमुखांच्या नाकापुढे धरलं. प्रमुख रंगमंचाकडे हात हलवत होते, "बस, आता बस!" पण मुलांचं लक्ष भिंतीला टेकलेल्या काकांकडे होतं आणि काका आनंदाने आजूबाजूला बघत होते, आणखी कोण चढतंय ते.

मीरपुरखासला मुलांनी पाय आपटले नाहीत. मघापासून ओरडणारे लोकही नेमके तिथे गप्प झाले. त्यानंतर गाडी पुन्हा वेगात निघाली, बलिया गेलं, मिरज गेलं, शेवटचा प्रश्न आला, "पुढचं स्टेशन कुणाचं?" आणि परीक्षकांनी घंटा वाजवली. पाच मिनिटं संपली.

एकवीस मुलं जागच्या जागी गप्प झाली. घंटा वाजली की थांबायचं, ही त्यांची सवयच होती. पण केतकीचं "पुढचं स्टेशन" अजून यायचंच होतं. ती नेहमीप्रमाणे मागे होती. घंटा तिने ऐकली. गळ्यातली पिवळी पाटी एका हाताने धरून तिने समोर बघितलं. मीही मान वळवून मागे बघितलं.

काकांच्या काखेत दोन्ही झेंडे गुंडाळलेले होते. त्यांनी एक काढला. त्यांनी हिरवा झेंडा उघडला आणि सरळ समोर धरला. हलवला नाही. नुसता धरला.

"पुढचं स्टेशन कुणाचं?" केतकी एकटीने गायली. सूर कुठलाच नव्हता. मग तिने श्वास घेतला आणि आमच्या त्या मगरींच्या नदीवरचं, कोणी न उतरणारं स्टेशन सभागृहाच्या छताला लागेल असं ओरडली, "विश्वामित्री!"

सगळं सभागृह बडोद्याचंच होतं. "आपलंच! आपणुं ज!" असा जो आवाज उठला त्यात माझ्या शेजारचे प्रमुख उभे राहून, मुकुट डोक्याच्या वर नाचवत ओरडत होते. मी घड्याळ थांबवायचं विसरलो. असं माझं आयुष्यात पुन्हा झालेलं नाही.

आम्हाला स्पर्धेतून बाद केलं. मर्यादा ओलांडली, शिवाय प्रेक्षकांचा सहभाग. ढाल शेजारच्या सोसायटीला गेली, चौथी. बाहेर आल्यावर प्रमुखांना सगळं पुन्हा आठवलं आणि ते काकांवर ओरडले, "गार्डसाहेब, तमे जाणता हता! घंटा झाली होती, लाल दाखवायचा ना!"

काका घामाने भिजले होते. चेहरा मात्र लग्न लागलेल्या घरासारखा. "लेट आली," ते म्हणाले. "पण पूर्ण आली."

दोन वर्षांनी ते मुलीकडे रतलामला राहायला गेले. जाताना पेटी नेली, लाल दोरी खिळ्यांवर तशीच ठेवली आणि पाटी केतकीला दिली. त्यांना निरोप द्यायला आम्ही खाली जमलो, तर ते स्वतः सगळ्यात शेवटी निघायचं म्हणून आम्हा सगळ्यांना आधी घरी पाठवत होते. शेवटी हार्दिकने त्यांचा हात धरला आणि त्यांना जबरदस्तीने रिक्षात बसवलं. आता ते नाहीत. आमच्याकडे मात्र पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर अजूनही तेच गाणं होतं, दर वर्षी थोडं लांबलेलं, आणि शेवटचा डबा आल्याशिवाय कोणी जागचं हलत नाही. नवीन भाडेकरूंना आधी हे कळत नाही. ते पेढ्यांच्या दिशेने निघतात आणि वॉचमन त्यांना हाताने थांबवतो.

केतकी पुण्याला नोकरी करते. या ऑगस्टला ती आली होती. गाणं सुरू व्हायच्या आधी ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. मला वाटलं, नेहमीच्या जागेवर. मी समोर बघत ओठ हलवायला सुरुवात केली. दोन-तीन स्टेशनं गेली आणि मागून माझ्या गळ्यात सुतळी पडली. खाली बघितलं तर पिवळी पाटी.

"बाबा, तुमच्या जागेवर शून्य येतोय," ती कानाशी म्हणाली.

आता आजूबाजूला शंभरेक माणसं होती. प्रमुख पुढे खुर्चीवर बसलेले, गुडघे दुखतात म्हणून. गाणं विश्वामित्रीला आलं, केतकीचा आवाज मागून आला, उशिरा, आणि लोक पेढ्यांकडे निघणार तेवढ्यात हार्दिकने माझ्या गळ्यातली पाटी बघितली आणि हात वर करून सगळ्यांना थांबवलं. सगळे माझ्याकडे बघू लागले. गाडी अजून यायची होती.

मी घसा साफ केला. "पुढचं स्टेशन कुणाचं?" असं मी गायलो, किंवा त्याला काय म्हणतात ते केलं. माझी बायको खाली बघत होती. आता नाव घ्यायला हवं होतं. साताऱ्याकडच्या त्या डोंगरातल्या गावाचं नाव ओठांवर आलं, पण तिथे स्टेशन नाही, आणि खोटं स्टेशन सांगणं माझ्या स्वभावात नाही.

"बडोदा," मी म्हणालो.

"जोरथी!" प्रमुख खुर्चीवरून ओरडले. "संभळातुं नथी!"

मी पुन्हा ओरडलो, पूर्ण आवाजात, पूर्ण बेसूर. समोरून शंभर माणसांचं उत्तर आलं. मागे वळून बघितलं तर केतकी हिरवा रुमाल समोर धरून उभी होती, न हलवता.

"आली, आली, आखी गाडी आवी गई!" प्रमुख म्हणाले. "आता पेंडा वाटा!"